‘एक्स-फाइल्स’चा दुसरा चित्रपट बॅटमॅनने मारला नाही

‘द एक्स-फाइल्स : आय वॉन्ट टू बिलीव्ह’ (2008) चांगलाच होता, नशिबानेच दगा दिला, असं पाच मुद्द्यांत पटवणारा मजकूर फिरतोय. मल्डर आणि स्कली या एफबीआयच्या जोडीची ‘एक्स-फाइल्स’ ही अमेरिकी टीव्ही मालिका नुकतीच संपवलेल्या भाचीलाही तो कुणीतरी पाठवलाय आणि तिची शनिवारची रात्र आता धोक्यात आहे.

बॅटमॅनच्या ‘डार्क नाइट’समोर कुणीच टिकलं नसतं म्हणे. बॅटमॅन 18 जुलैला आला, हा 25ला. तारीख ठरवणाऱ्याची अक्कल काढा, हरकत नाही. पण त्याच 25 जुलैला ‘स्टेप ब्रदर्स’ हा विनोदी चित्रपटही लागला. पहिल्या तीन दिवसांत त्याने अमेरिकेत 3 कोटी डॉलर गोळा केले, याने जेमतेम 1 कोटी. समोर बॅटमॅन दोघांच्याही होता.

‘एलियन नव्हते म्हणून लोक रुसले’ हा मुद्दा तर मालिका न बघताच लिहिलेला दिसतो. मालिकेचे बहुतेक भाग एलियनचे नव्हतेच, एका भागात संपणाऱ्या विचित्र प्रकरणांचे होते. 1995चा ‘क्लाइड ब्रुकमन्स फायनल रिपोझ’ घ्या. लेखनाचा आणि पाहुण्या अभिनेत्याचा, असे दोन एमी (अमेरिकी टीव्हीचे पुरस्कार) त्याला मिळाले. त्यात एकही यान नाही. स्वतःला दिव्यदृष्टी असल्याचं सांगणारा माणूस त्यातही आहे आणि या चित्रपटातही. तिथे त्या दृष्टीने माणसाच्या जगण्याचं काय होतं, यावर सगळा भाग उभा आहे. इथे तसा दावा करणारा पाद्री बर्फात बोट दाखवतो, एफबीआयवाले खणतात, अवयव सापडतो. मग पुन्हा तेच. पाऊण तासाचा ऐवज 104 मिनिटं ताणलाय. गुन्हेगाराशी पाद्र्याचं जुनं, घाणेरडं नातं आहे; खरी भीती तिथे होती, पण ते संवादात उरकलंय.

त्याहून मोठी चूक म्हणजे जोडी फोडली. मल्डरने अचाट तर्क मांडायचा, स्कलीने शास्त्राच्या आधारे तो खोडायचा आणि दोघांनी मिळून पुरावा हुडकायचा, यावर मालिका चालायची. इथे दोघेही एफबीआयबाहेर. ती मध्येच तपास सोडून आपल्या छोट्या पेशंटकडे जाते आणि तो एकटाच गाडी हाकतो. खोडणारंच कुणी नाही, तर तर्काला धार येणार कुठून? त्यांचा जुना साहेब स्किनर उगवतो तोवर चित्रपट संपत आलेला असतो.

‘संपामुळे पटकथा सुधारता आली नाही’ या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. हॉलिवूडच्या लेखकांचा संप 5 नोव्हेंबर 2007 ते 12 फेब्रुवारी 2008 चालला आणि शूटिंग डिसेंबरमध्ये सुरू झालं, म्हणजे सेटवर पटकथेला हात लावायची सोय नव्हती. पण दोघांना वेगळं करायचं हे संपाच्या आधीच कागदावर होतं.

‘पैसा बुडाला’ हे अर्धसत्य. खर्च सुमारे 3 कोटी डॉलर, जगभरची कमाई सुमारे 6.8 कोटी, थिएटरांचा वाटा वजा केला की फार काही उरत नाही, पण दिवाळंही निघत नाही. 1998च्या पहिल्या चित्रपटाने जवळपास 19 कोटी कमावले होते, त्यापुढे हा आकडा केविलवाणाच.

आणि ‘यामुळे मालिका बंद पडली’? मालिका मे 2002मध्येच संपली होती, चित्रपटाच्या सहा वर्षं आधी. उलट 2016मध्ये ती 6 भागांसाठी परत आली, 2018मध्ये आणखी 10. शनिवारी त्यातला, ‘क्लाइड ब्रुकमन’ लिहिणाऱ्या डॅरिन मॉर्गनचा एखादा भाग लाव, भाचे.