जोडा, गुंडाळा, विसरा

घरातली फोनची दुसरी लाइन सोडताय? छान. एक नंबर, एक बिल, डोक्याला शांतता. आता त्या लाइनवरची वरच्या खोलीतली आणि स्वयंपाकघरातली एक्स्टेन्शन तेवढी पहिल्या लाइनवर घ्यायची. चार तारांचा तर मामला, त्यातल्या दोन इकडच्या तिकडे. 'दहा मिनिटांचं काम आहे' असं घरात मोठ्याने जाहीर करून टाका. मीही केलं होतं, गेल्या रविवारी, सकाळी नऊ वाजता.

सुरुवातीलाच मल्टीमीटर लपवून ठेवा. तो तारांना लावला की ४८ व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो, लाइन जिवंत आहे हे कळतं आणि सगळी मजा जाते.

दुसरी लाइन एक्स्चेंजमधून खरोखर तुटली का, हेही विचारू नका. अर्ज दिला ना? मग दोन्ही लाइनी बिनधास्त एकमेकींना जोडा. सुलट जुळल्या तर एक रिसीव्हर उचलला की दोन्ही नंबर उचलले जातात. उलट जुळल्या तर दोन्ही कायमचे एंगेज. नातेवाईक म्हणतील, कुणाशी एवढं बोलत असतात हे लोक!

तार सोलायला दात वापरा. रिकाम्या लाइनचे ते ४८ व्होल्ट फारसे जाणवत नाहीत म्हणतात. पण बेल वाजते तेव्हा त्याच तारांतून ७५ ते ९० व्होल्टचा एसी जातो, सेकंदाला वीस-पंचवीस हेलकावे घेत. माझ्या मावशीने नेमकी तीच वेळ साधून खुशाली विचारायला फोन केला. इतक्या जवळून बेल मी आयुष्यात ऐकली नव्हती.

इंटरनेट फोनच्याच तारेवरून येत असेल, तर नव्या एक्स्टेन्शनला फिल्टर मुळीच लावू नका. खरखरीची सवय होते.

आता रंगांकडे वळू. या चौरंगी तारेचा रिवाज शाळकरी पोरालाही कळेल असा आहे. लाल-हिरवी पहिल्या लाइनची, ती सॉकेटच्या मधल्या पिनांवर. पिवळी-काळी दुसऱ्या लाइनची, ती बाहेरच्या पिनांवर. पण असले रिवाज पाळणारा वायरमन कसला? आपल्या वायरमनला सांगा, मनाला येईल तो रंग मनाला येईल तिथे लाव. आमच्या घरी बाहेरच्या डबीपासून, म्हणजे लाइनी घरात शिरतात तिथपासून, पहिल्या सॉकेटपर्यंत सगळं चोख होतं. म्हणून तर मी फसलो! वर काळी तार लालच्या जागी, आणि पिवळी खुशाल लोंबकळत होती. मग हिरवीला जोडलं काय? शोधत शोधत कपाटापर्यंत आलो. कपाट एकट्याने सरकवलं. मागे भिंतीला चिकटलेला एक काळा गोळा. टेप सोलली तर बोटांना डांबरासारखा चिकट लगदा, आणि आत लाल पिवळीला पिळलेली, हिरवी काळीला. तार कमी पडली म्हणून तुकडा जोडला, ठीक आहे, पण लालला लाल जोडायला काय झालं होतं? दोन्ही टोकांना चारही रंग होते की! असे सांधे मला एकूण पाच सापडले. एकावर तर वरून रंगाचा हात मारला होता. पाचवा हाती लागेपर्यंत संध्याकाळ झाली होती आणि दोन्ही फोन ठार बंद होते.

सगळ्या तारा बाहेरच्या डबीपर्यंत नीट आल्या असत्या, तर वरच्या मजल्यावर चढायचीसुद्धा गरज नव्हती. डबीत दुसऱ्या लाइनची येणारी जोडी सोडवायची आणि घरात जाणारी पिवळी-काळी पहिल्या लाइनच्या लाल-हिरवीवर घ्यायची. दोन स्क्रू. सॉकेटला हातही लावायचा नाही. खरोखर दहा मिनिटं!

सल्ले पुरे झाले. अहो वायरमनदादा, चार तारा होत्या. चार! चाळीस नव्हे. चार रंग लक्षात राहत नसतील तर डबीच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवायला काय जात होतं? भिंत दुसऱ्याची, रविवार दुसऱ्याचा, म्हणून पिळा मारायचा, टेप गुंडाळायची आणि कपाट पुढे ओढून निघून जायचं, याला काम म्हणतात?

आणि तुम्ही वाचणारे, हसू नका. काम चालू असताना शेजारी उभं राहून 'हा रंग कुठला?' असं तुम्ही तरी कधी विचारलंत? मीही नव्हतं विचारलं. उठा, झाकण उघडा, कुठल्या जोडीवर कुठला नंबर आहे ते आजच लिहून ठेवा.

तो काळा गोळा मी फेकलेला नाही. पुडीत बांधून ठेवलाय. वायरमनदादा पुन्हा आले की त्यांच्या तळहातावर ठेवणार आहे.