अर्धा सूत

जुलै लागला की आमच्या बेडरूमचं दार फुगतं. खांदा लावल्याशिवाय लागत नाही, लाथ घातल्याशिवाय उघडत नाही. यंदा शेवटी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी दार दोनदा हलवलं, फटीत नख फिरवलं आणि निकाल दिला, "साहेब, अर्धा सूत घासतंय."

आता सूत! देशात मेट्रिक मापांचा कायदा झाला १९५६ साली. तो मिस्त्रींपर्यंत अजून पोचायचाय. मी मात्र त्या दिवशी भलत्याच फॉर्मात होतो, कारण आदल्याच रात्री लेकीचा गृहपाठ घेतला होता. एका मिलिमीटरचे हजार मायक्रॉन, एका मायक्रॉनचे हजार नॅनोमीटर. (‘मायक्रॉन’ हे नाव १९६७ सालीच अधिकृत मापांतून गेलं, आता मायक्रोमीटर म्हणायचं. पण कारखान्यात मायक्रोमीटर म्हणजे माप नव्हे, मोजायचं यंत्र! असल्या घोळात पडण्यापेक्षा मी जुनंच नाव वापरतो.)

"बाबा, पण मायक्रॉन दिसतो केवढा?" लेकीने विचारलं. पुस्तकात लिहिलं होतं की माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. तिने लगेच हात माझ्या डोक्याकडे नेला. साठा मर्यादित असल्याने मी तिला आईकडे पाठवलं. आईने पोळी लाटता लाटता दोघांकडे असं पाहिलं, की नमुना न घेताच आम्ही परतलो. मग मी नखाचं उदाहरण दिलं. नख सेकंदाला साधारण एक नॅनोमीटर वाढतं. पोरगी अंगठ्याकडे टक लावून बसली. पाच मिनिटांनी म्हणाली, "काहीच होत नाहीये." तीनशे नॅनोमीटर वाढलं होतं, पण सिद्ध कसं करणार?

तर एवढा अभ्यास गाठीशी असताना मी सुताला काय घाबरतो! आठ सुतांचा इंच, इंचाचे २५.४ मिलिमीटर, म्हणजे सूत झालं तीनला थोडं वर. "मिस्त्री, तीन मिलिमीटर काढा," मी सांगितलं.

"जास्त होईल, साहेब."

"अहो, मिलिमीटरच आहेत, मीटर नाहीत!"

मिस्त्रींनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि रंधा उचलला. तासाभरात फरशीवर भुश्शाच्या कुरळ्या बटांचा ढीग पडला. एक बट मी उचलून उजेडात धरली, आरपार दिसत होतं. माझ्या डोक्यावर असं काही असतं तर! दार अलगद लागलं. मी मिस्त्रींना चहा पाजला, वर ‘सूत सोडा आता’ असा उपदेशही पाजला. ते "बरं" म्हणाले.

भागिले दोन राहिलं होतं, हे मला त्या रात्री अंथरुणात आठवलं. सूत तीनचं, पण घासत होतं अर्धं. कोणाला बोललो नाही.

दिवाळीत हवा कोरडी झाली, दार आक्रसलं. आता कडीची जीभ चौकटीपर्यंत पोचतच नाही. वारा आला की दार आपोआप उघडतं आणि पाहुण्यांना आमच्या इस्त्रीच्या कपड्यांचा डोंगर दिसतो. मिस्त्रींना फोन केला, तर म्हणाले, "एक सूत पट्टी मारू, साहेब. की मिलिमीटरमध्ये सांगू?"

लेक पट्टी घेऊन फटीपाशी उभी होती. तिचा गृहपाठ आता पक्का झालाय. आत हॉलमध्ये पाहुणे फराळ करत असताना तिने खणखणीत आवाजात जाहीर केलं, "बाबा, तीस लाख नॅनोमीटर!"