किमान तीनशे रुपये?

काल रात्री सोसायटीतल्या आयांच्या ग्रुपवर मेसेज येऊन पडलाय. ‘यापुढे बर्थडेचं रिटर्न गिफ्ट किमान तीनशेचं ठेवू या, म्हणजे कुणाला ऑकवर्ड होणार नाही.’ खाली अंगठ्यांची रांग. रविवारी माझ्या मुलाचा वाढदिवस झाला आणि बुधवारी हा नियम निघतो! नाव घेतलं नाही म्हणून कुणाला बोललंय ते कळत नाही की काय?

ऑकवर्ड झालं कुणाला? पोरांना? फ्रिजच्या खोक्याची एसटी केली होती आम्ही. बोहरी आळीतून रंग आणि कागद आणले, पुढे ‘पुणे–महाबळेश्वर’ पाटी लावली, आत ‘विधानसभा सदस्यांसाठी राखीव’सुद्धा लिहिलं. पाच पूर्ण झाले की एसटीत अर्धं तिकीट लागतं. ‘आता माझंपण तिकीट काढायचं’ म्हणून पोरगा महिनाभर नाचत होता, त्यातून ही थीम. आमंत्रण म्हणून अर्धं तिकीटच दिलं. आणि २०२३ पासून बायकांनाही अर्धंच लागतं, तेव्हा आयांनाही तेच. दोरी ओढून डबल बेल दिली की सगळी पोरं खिडकीतून ‘चलाऽऽ’ म्हणून ओरडत होती. जाताना दोघं-तिघं तर रडली, अजून एक फेरी हवी म्हणून.

रिटर्न गिफ्ट म्हणजे कंडक्टरची पिशवी. सासूबाईंनी खाकी कापडाच्या शिवल्या, प्रत्येकीला पट्टा, आत तिकिटांचं पुडकं आणि राजगिऱ्याचा लाडू. डोळ्यांचं ऑपरेशन झालेली बाई रात्री मशीनवर बसत होती. आणि एका आईने ती पिशवी त्यांच्यासमोर उलटीपालटी करून पाहिली. किंमत शोधत होती! मग म्हणाली, “घरीच शिवल्यात? बरंय, तेवढेच पैसे वाचले.” जाताना पिशवी चपलांच्या रॅकवर ठेवून गेली. माझा मुलगा ती उचलून जिन्यापर्यंत पळत गेला, “काकू, विसरलात!” लिफ्टचं दार बंद. तो तिथेच पिशवी घेऊन उभा. हे मी विसरणार नाही.

आणि यांच्या पार्ट्या? त्या फुग्यांच्या कमानीला पोरांनी हात लावायचा नाही, कारण फोटो व्हायचेत. मागच्या वेळी तो माईकवाला इतका किंचाळत होता की ज्याचा वाढदिवस तोच कानावर हात ठेवून टेबलाखाली बसला. तीन मजली केक, वरचं ते साखरेचं कातडं सगळं कचऱ्यात. थर्माकोलच्या प्लेटा-वाट्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, सजावटीचं थर्माकोल आणि फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. आमच्या क्लबहाउसमध्ये दर पार्टीनंतर त्याच भरून पोती निघतात आणि ती सफाईवाल्या मावशींनी उचलायची. त्याचा नियम करा म्हटलं तर ग्रुपवर चिडीचूप!

तीनशेच्या हिशेबाने वीस पोरं धरली तरी नुसत्या रिटर्न गिफ्टचे सहा हजार होतात. कुणाच्या घरात काय चाललंय हे ठाऊक आहे का? आमच्याच विंगमधली एक जण मला म्हणाली, मुलीचा वाढदिवस जवळ आला की पोटात गोळा येतो. नवऱ्याची नोकरी गेलीय, सांगता येत नाही. तिनेही त्या मेसेजला अंगठा दिलाय. द्यावा लागला. याचाच सगळ्यात जास्त संताप येतो मला.

मी ग्रुपवर लिहिलंय, हा नियम मला मान्य नाही. पुढच्या वर्षी पोराला मुंबईची लोकल हवीय, तीही घरीच होणार, पिशव्याही घरीच शिवल्या जाणार. पोरांना जरूर पाठवा. ज्यांना किंमत शोधायचीय त्यांनी वर यायची गरज नाही, मी मुलांना खाली आणून सोडेन.