पोटगी आणि फ्लॅटबद्दलच्या अभिप्रायाला आमच्या कार्यालयाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. सहा महिने झाले तरी पोटगीचा एक रुपया हातात पडलेला नाही, कागद गोळा करायचं वकिलांचं काम तुमच्याच गळ्यात मारलं, ‘अर्धा फ्लॅट मिळेल ना’ या साध्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं नाही आणि वर समुपदेशकापुढे बसायला लावलं, अशी तुमची तक्रार आहे. मुलांची फी, घरभाडं, किराणा यातलं काहीच कोर्टाच्या तारखेसाठी थांबत नाही. त्यामुळे तुमचा राग मला पोचतो.

एक गोष्ट आधी सांगते. कोण आमचे पक्षकार आहेत आणि कोण नाहीत, हेसुद्धा वकिलाला चारचौघांत बोलता येत नाही. शिवाय इथे लिहिलेलं समोरची बाजूही वाचू शकते. म्हणून कुणाच्याही प्रकरणातलं एक अक्षर मी इथे लिहिणार नाही. पण आमची कामाची पद्धत मी उघडपणे सांगू शकते. अभिप्राय वाचून वकील निवडणाऱ्या बायकांना ती कळायलाच हवी.

कागदांबद्दल सविस्तर लिहिते, कारण पोटगीचा सगळा खेळ तिथेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात निकाल दिला. तेव्हापासून पोटगीच्या अर्जात नवरा-बायको दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्च यांचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तुमचं प्रतिज्ञापत्र अर्धवट असेल तर समोरच्याचं खोटं पाडायला आम्हाला जागाच उरत नाही. समजा, नवऱ्याने महिन्याचं उत्पन्न 25 हजार दाखवलं आणि बँकेच्या उताऱ्यात गाडीचा हप्ताच 30 हजारांचा निघाला. त्या एका ओळीवर अर्धा युक्तिवाद उभा राहतो. पण तो उतारा कुठल्या बँकेचा मागवायचा, हे आम्हाला कोण सांगणार? घरात आलेलं बँकेचं पाकीट, जुनं चेकबुक, गृहकर्जाचा हप्ता कुठल्या खात्यातून जायचा याची आठवण, हे घरात राहिलेल्या माणसालाच ठाऊक असतं. तेवढा धागा मिळाला की उतारे मागवायचा अर्ज करणं आमचं काम, आणि ते आम्ही करतो. शाळेच्या फीच्या पावत्या, औषधांची बिलं, सोनाराच्या पावत्या, दागिने दिसतील असे लग्नातले फोटो यांचंही तसंच आहे. स्त्रीधन तुमचं एकटीचं आहे याबद्दल कायद्यात शंका नाही. पण काय दिलं होतं आणि ते कुणाच्या ताब्यात राहिलं, हे दाखवावंच लागतं.

उशिराबद्दल. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 नुसार अंतरिम पोटगीचा, म्हणजे खटला चालू असतानाच्या पोटगीचा अर्ज, समोरच्याला नोटीस लागल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढायचा असतो. प्रत्यक्षात वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात नोटीस लागत नाही, समोरचे वकील मुदत मागतात, प्रतिज्ञापत्र येत नाही आणि तारखा वाढत जातात. प्रत्येक तारखेला आम्ही लेखी हरकत नोंदवतो. त्याच 2020 च्या निकालाने आणखी एक गोष्ट पक्की केली आहे : पोटगी अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून द्यायची, हुकुमाच्या तारखेपासून नाही. म्हणजे मधल्या महिन्यांची थकबाकी बुडत नाही. आज घर कसं चालवायचं हा प्रश्न याने सुटत नाही, हे मलाही कळतं.

आता फ्लॅट. ‘अर्धा तुमचा’ असं मी कुणालाही सांगत नाही, कारण घटस्फोट झाला की मालमत्तेचे आपोआप दोन भाग होतात असा नियम आपल्याकडे नाही. करारनाम्यात नाव कुणाचं, पैसे कुणी भरले, हप्ते कुणाच्या पगारातून गेले, यावर ते ठरतं. पण मालकी नसली तरी राहण्याचा हक्क असू शकतो, आणि मुंबईत तो फार मोलाचा आहे. फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर असो किंवा पागडीच्या खोलीची भाडेपावती त्यांच्या नावाने फाटत असो, तुमचा संसार तिथे झाला असेल तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिथे राहू देण्याचा आदेश मागता येतो. सासऱ्यांच्या मालकीच्या घराबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 15 ऑक्टोबर 2020 च्या निकालात हे स्पष्ट केलं आहे. घर परस्पर विकू नये म्हणून त्याच कायद्याखाली मनाई हुकूमही मिळू शकतो. आणि फ्लॅटच्या हक्काबद्दलच दावा असेल, तर महाराष्ट्रात त्या दाव्याची नोटीस निबंधक कार्यालयात नोंदवावी लागते. ती नोंदवली नाही आणि मध्येच फ्लॅट विकला गेला, तर दावा चालू होता एवढ्यावर घेणाऱ्याला अडवता येत नाही. म्हणून आम्ही पहिल्याच भेटीत करारनामा आणि भागपत्राची (सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटची) प्रत मागतो. कायमस्वरूपी पोटगीसाठी नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजाही चढवता येतो. हे सगळं ‘अर्धा मिळेल’ इतकं ऐकायला गोड वाटत नाही, पण हे खरं आहे.

समुपदेशकाकडे पक्षकारांना न्यायालय पाठवतं. आधी समेटाचा प्रयत्न करणं कौटुंबिक न्यायालयावर कायद्यानेच बंधनकारक आहे. तिथे बसलात म्हणजे परत नांदायला जायला कबूल झालात असं होत नाही, आणि मनाविरुद्धच्या कागदावर सही तर अजिबात करायची नाही. तुम्हाला तिथे कुणी ‘जुळवून घ्या’ असं म्हणालं असेल, तर नाही म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

फी आम्ही टप्प्याटप्प्याने घेतो आणि पावती देतो. मिळणाऱ्या रकमेत टक्का ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत बंदी आहे. कुणी तसं सुचवलं तर सावध व्हा.

ताई, वकील बदलायचा असेल तर मोकळेपणाने बदला. ना-हरकत सही मिळेल आणि सगळी फाइलही. फी बाकी आहे म्हणून पक्षकाराचे कागद वकिलाला अडवून ठेवता येत नाहीत. खाजगी वकील परवडत नसेल तर स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. त्यासाठी 15100 वर फोन करा. आणि आमच्याकडेच बोलायचं असेल तर कार्यालयात फोन करून वेळ घ्या, मी स्वतः बसेन. येताना पासबुकं आणि घरात सापडेल तो बँकेचा प्रत्येक कागद पिशवीत घालून आणा. लावून ठेवायची गरज नाही, ते आम्ही करू.

– कार्यालय प्रमुख, दादर