केमिस्ट्री घ्या, फी कमी आहे

बारावीनंतर नीट हुकली, सीईटीतही पर्सेंटाइलने दगा दिला, की घरातलं एखादं वडीलधारं माणूस म्हणतंच, "बीएस्सी कर की. केमिस्ट्रीला मरण नाही." ऐका त्यांचं. मरण विषयाला नाहीच.

आधी फी बघा. अनुदानित कॉलेजातली वर्षाची फी तुमच्या हातातल्या मोबाइलपेक्षा कमी भरते. एवढ्याशा पैशात "सध्या काय करतोस?" या प्रश्नाला तीन वर्षं पुरेल असं उत्तर मिळतं. एवढा स्वस्त विमा दुसरा नाही.

बाकीचा खर्च किरकोळ. एप्रन एकदाच घ्यायचा आणि शक्यतो धुवायचा नाही. पिपेट फुटली तर डिपॉझिटमधून कापतात, म्हणजे पैसे आधीच गेलेले असतात, दुःख होत नाही. सल्फ्युरिकचा थेंब जीन्सवर पडला तर त्या दिवशी काही दिसत नाही. आई ती बादलीतून पिळून काढते तेव्हा चाळण झालेली असते. नायट्रिकने बोटं पिवळी होतात, सिल्व्हर नायट्रेटने काळी. सॉल्ट अॅनालिसिसच्या, म्हणजे क्षारात काय काय आहे ते ओळखायच्या दिवशी अंगाला एचटूएस वायूचा सडक्या अंड्यांचा वास घेऊन लोकलमध्ये चढा, संध्याकाळच्या गर्दीतही शेजारची जागा मोकळी होते. हा फायदा कोणी हिशेबात धरत नाही.

शिवाय हाताला वळण लागतं. टायट्रेशनचं, म्हणजे थेंब थेंब सोडून द्रावणाची तीव्रता मोजण्याचं, रीडिंग तीनदा घ्यायचं आणि सीबीआर, म्हणजे तिन्ही वेळा सारखं आलेलं रीडिंग, लिहायचं. पहिलं रीडिंग खरं असतं, उरलेली दोन त्याच्या शेजारी बसून तशीच होतात. ही कला जपा असं म्हटलं असतं, पण पुढे कंपनीत एचपीएलसीला, म्हणजे औषधाचा नमुना तपासणाऱ्या यंत्राला, ऑडिट ट्रेल असतो. कुठला नमुना कोणी, किती वाजून किती मिनिटांनी आत सोडला, हे ते यंत्र विसरत नाही. तीन वर्षांत कमावलेलं एकमेव कौशल्य असं पहिल्याच आठवड्यात निकामी होतं.

आता नोकरी. तारापूर, कुरकुंभ, लोटे परशुराम, महाड इथल्या केमिकल कारखान्यांत: जागा भरपूर, हवा थोडी कमी. डोंबिवलीत तर २०२० साली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता, म्हणजे प्रात्यक्षिक पाहायला लॅबमध्ये जायचीही गरज नाही. क्यूसीत, म्हणजे माल तपासणाऱ्या विभागात लागाल, कंत्राटावर, पाळीने. औषध कारखान्यात उत्पादन ज्याच्या देखरेखीखाली चालतं त्या माणसाला एफडीएची, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाची मान्यता लागते. त्यासाठी बी.फार्मवाल्याला दीड वर्षाचा अनुभव पुरतो, केमिस्ट्रीच्या बीएस्सीवाल्याला तीन वर्षांचा लागतो. दीड वर्षाने कमी अनुभव असलेला पोरगा तुमच्या वहीवर सही करेल. त्याला सर म्हणा.

खचू नका, हे सगळं नुसत्या बीएस्सीचं आहे. एमएस्सी करा. ऑरगॅनिकच (कार्बनच्या संयुगांची केमिस्ट्री) घ्या. फक्त बायोडाटात तसं लिहिलंत की मुलीकडचे "म्हणजे सेंद्रिय शेती का?" असं विचारतात, आणि शेतीवाला स्थळ म्हणून चालत नाही. "केमिस्ट आहे" असं सांगून पाहिलंत तर लांबचे काका बीपीच्या गोळ्यांवर किती टक्के सूट मिळेल ते विचारतील. मी दोन वर्षं समजावून सांगत होतो. हल्ली "दहा टक्के" म्हणतो.

एमएस्सीनंतर नेट, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची परीक्षा. तिच्यात जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती लागली तर महिना ३७,००० रुपये, वर घरभाडं. सगळ्या हिशेबात एवढा एकच आकडा बरा दिसतो, म्हणून सगळे त्याच दाराशी उभे असतात. मग पीएचडी. तीन, दोन आणि पाच, झाली दहा वर्षं. शाळेत तुमच्या मागच्या बाकावर बसणाऱ्याचं एव्हाना घराचं कर्ज अर्धं फिटलेलं असतं. तुमच्याकडे थिसिस असतो, काळ्या रेक्झिनचा, सोनेरी अक्षरांचा. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, फक्त ती भरती सुरू व्हावी लागते. तोवर तासिका तत्त्वावर शिकवा. समोर बसलेल्या मुलांना केमिस्ट्रीतल्या संधींवर व्याख्यान द्यायचं कामही बहुतेक तुमच्याकडेच येईल.

मोठी स्वप्नं बघायची असतील तर दाखले आहेत. मार्गारेट थॅचर ऑक्सफर्डच्या केमिस्ट्रीच्या पदवीधर. प्लास्टिकच्या कंपनीत नोकरी केली, पुढे पंतप्रधान झाल्या. करसनभाई पटेल केमिस्ट्रीचे बीएस्सी; प्रयोगशाळेतली नोकरी सांभाळून १९६९ पासून अहमदाबादेत सायकलवरून धुण्याची पावडर विकली आणि 'निरमा' उभी केली. म्हणजे डिग्री, सायकल आणि डिग्रीशी संबंध नसलेलं थोडं धाडस. आणि केमिस्ट्रीचं नोबेलच हवं असेल तर व्यंकी रामकृष्णन यांच्या मार्गाने जा. २००९ साली त्यांना ते मिळालं. बडोद्यातली त्यांची बीएस्सी फिजिक्सची.

तर फॉर्म भरा. आणि वॉक-इनची, म्हणजे कंपनीतल्या थेट मुलाखतीची जाहिरात आली की रविवारी पहिल्या एसटीने निघा, कारण आठ वाजता गेटबाहेर पोरं झाडाखाली मावत नाहीत. डबा न्या, झेरॉक्सचे तीन संच न्या. मूळ मार्कशीट हातची सोडू नका. मागतील.