काचेआडचं पान: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण लेख नीट वाचून लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत वाटेला लावत नाही. मी लिहिलं होतं की वेळ कळावी म्हणून लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मेमरीतलं एक पान, म्हणजे पेज, प्रोग्रॅमला फक्त वाचायला देतो, काचेआडच्या सूचनाफलकासारखं. तुमचं म्हणणं असं: कर्नल आणि साधा प्रोग्रॅम एकच पेज वापरतात हे खोटं, तसं असतं तर सुरक्षेचे तीन तेरा वाजले असते, वेळ विचारायला सिस्टिम कॉलच (कर्नलला घातलेली हाक) लागतो, आणि सोसायटीच्या सूचनाफलकाचं माझं उदाहरण पोरकट आहे.

पोरकट असेल. पण टर्मिनल उघडून प्रॉकमधल्या सेल्फखालची मॅप्स फाईल कॅट करा, चालू प्रोग्रॅमच्या (प्रोसेसच्या) मेमरीचा नकाशा दिसेल. शेवटाकडे व्हीव्हीएआर (वेळेची माहिती असलेलं पान) आणि व्हीडीएसओ (ती वाचणारा, कर्नलनंच दिलेला कोड) ही नावं दिसतील. पहिल्याच्या परवानग्यांत फक्त आर (वाचणं), दुसऱ्याच्या आर आणि एक्स (चालवणं). डब्ल्यू (लिहिणं) कुठेच नाही. रॅममधली ही पानं कर्नलचीच. त्यांच्याकडे नेणाऱ्या नोंदी मात्र दोन: कर्नलच्या नोंदीत व्हीव्हीएआरवर लिहायची मुभा, तुमच्या प्रोसेसच्या पेज टेबलात (कुठलं पान रॅममध्ये कुठे, याची यादी) नाही. परवानगी पानाला नसते, नोंदीला असते. लिहायला गेलात की सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच बंद. फलकाची काच ती हीच, किल्ली सेक्रेटरीकडे.

'मग कर्नल दर नॅनोसेकंदाला वेळ लिहीत बसतो का?' हा तुमचा टोमणा रास्त आहे, लेखात मी ते गाळलंच होतं. पानावर चालू वेळ नसतेच. शेवटच्या हिशेबाची वेळ, त्या क्षणीचा प्रोसेसरच्या काउंटरचा आकडा आणि एक गुणक, मुख्यतः एवढंच असतं. इंटेल-एएमडीवर हा काउंटर म्हणजे टीएससी, आणि तो प्रोग्रॅमला स्वतःच वाचता येतो. आताच्या आकड्यातून पानावरचा वजा करायचा, गुणकानं गुणायचं, जुन्या वेळेत मिळवायचं. नेमकं तेव्हाच कर्नल पान बदलत असेल तर? त्यासाठी पानावर एक क्रमांक असतो. बदल सुरू करताना कर्नल तो विषम करतो, संपला की सम. विषम दिसला, किंवा वाचून होईपर्यंत बदलला, तर पुन्हा वाचायचं. वाचणाऱ्याला ना कुलूप, ना रांग.

सिस्टिम कॉल कधीकधी लागतो, हे कबूल. एका सर्व्हरवर मी यापायी अख्खी दुपार घालवली आहे. प्रोग्रॅम अचानक मंदावला. एसट्रेस (सिस्टिम कॉल टिपणारं साधन) लावला तर क्लॉक गेटटाइम या वेळ विचारणाऱ्या कॉलच्या ओळींचा नुसता पाऊस. एरवी त्यातली एकही दिसत नाही. टीएससीवर भरवसा न उरल्यानं कर्नलनं घड्याळ एचपीईटी या वेगळ्या टायमरवर नेलं होतं, आणि आजच्या कर्नलांत ते व्हीडीएसओतून वाचता येत नाही.

तुम्ही दिलेला मेल्टडाउनचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या त्या गाजलेल्या सुरक्षा-त्रुटीचा दाखला मात्र बिनतोड. जानेवारी २०१८ पर्यंत कर्नलची मेमरी प्रत्येक प्रोसेसच्या पेज टेबलात असायची, फक्त 'तुझ्यासाठी नाही' अशी खूण करून. अंदाजानं पुढचं काम उरकणाऱ्या काही चिप ती खूण उशिरा बघत. तिथे काच पुरली नाही, म्हणून केपीटीआय या कर्नलमधल्या दुरुस्तीनं तो भाग प्रोसेसच्या टेबलातून जवळजवळ सगळा काढला. व्हीव्हीएआर राहिलं, कारण त्यावर लपवण्यासारखं काही नाही.

एक चूक माझी: हे पान दर वेळी एकाच पत्त्यावर असतं, असं मी लिहिलं होतं. ते जुन्या व्हीसिस्कॉलचं (व्हीडीएसओच्या आधीची तशीच सोय) वर्णन झालं. ठरलेला पत्ता हल्लेखोरांच्या सोयीचा, म्हणून तर तो मागे पडला. कॅट दोनदा चालवा, व्हीडीएसओचा पत्ता बदललेला दिसेल. लेखात दुरुस्ती केली आहे. विंडोजमध्ये मात्र असंच एक पान प्रत्येक प्रोसेसमध्ये आजही ७एफएफई०००० या ठरलेल्या पत्त्यावर असतं. त्यावरून भांडायचं असेल तर मी तुमच्या बाजूनं.