चारशे बारा पावले

गेल्या रविवारपासून सासरच्या मंडळींमध्ये माझे नाव 'लेक टच' असे पडले आहे. हे नाव ठेवणारी व्यक्ती सत्तरी ओलांडलेली, नात्याने माझ्या बायकोचे मामा आणि पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेली असल्यामुळे मला हसण्यावाचून गत्यंतर नव्हते. मी हसलोही. ते हसणे खरे नव्हते, एवढे मात्र येथे नोंदवून ठेवतो.

मेच्या सुट्टीत नऊ जणांनी एका रात्रीसाठी तळ्याकाठी तंबूत राहायला जावे असे ठरले आणि जागा निवडण्याचे काम, 'तू नाहीतरी दिवसभर कॉम्प्युटरसमोरच असतोस' या एकमेव पात्रतेवर, माझ्याकडे आले. मी ते मन लावून केले. माणशी दर, स्वच्छतागृहांची संख्या, पाण्यापासूनचे अंतर, रस्ता कुठपर्यंत डांबरी आहे, रात्री गाणी किती वाजता बंद होतात, असे रकाने पाडून बारा दिवस मी एक तक्ता भरत होतो. तो तक्ता मी मामांना दाखवला, हीच काय ती माझी चूक.

मामांनी चष्मा कपाळावर चढवला, तक्ता हातभर लांब धरला आणि म्हणाले, "यात तलाव एकही नाही."

"म्हणजे?"

"ही सगळी धरणं आहेत, जावईबापू. तलाव आपणहून असतो, जलाशय अडवलेला असतो. अडवलेल्या पाण्याचा भरवसा धरायचा नसतो."

त्यानंतर त्यांनी माझे रकाने एकेक करून निकालात काढले. भंडारदऱ्यावर त्यांचा जुना राग होता. "धरण विल्सनचं, तळं आर्थरचं, आणि जिचं पाणी अडवलं त्या प्रवरेचं नाव पाटीवर शोधावं लागतं," हा तो राग. काम पूर्ण होऊन १९२६ पासूनची ही गोष्ट, पण मामा कालपरवाचा अन्याय असल्यासारखे बोलत होते. शिवाय मेअखेरीस तेथे काजवे पाहायला एवढी गर्दी लोटते की काजव्यांपेक्षा मोटारींचे दिवेच जास्त चमकतात, असा शेराही त्यांनी मारला. मुळशीचे नाव काढताच १९२१ चा सत्याग्रह आणि सेनापती बापट आले, आणि ज्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी तुरुंग सोसला त्याच्या पाण्याकाठी आपण पनीर भाजत बसणे कितपत शोभते, असा प्रश्न आला. तापोळ्याला शिवसागर जलाशय सुंदर आहे हे त्यांनी मान्य केले, पण एका रात्रीसाठी एवढे अंतर त्यांच्या कमरेला मान्य नव्हते. पानशेतबद्दल तर बोलायलाच नको. १२ जुलै १९६१ ला ते धरण फुटले तेव्हा मामा शाळकरी पोर होते आणि पुण्यात होते. त्या दिवसाबद्दल ते कधी बोलत नाहीत, म्हणजे पाऊण तासापेक्षा जास्त बोलत नाहीत.

राहिले पवना.

"पवना?" मामा खरोखर दुखावले गेले. "अहो, ते पाणी दिवसाआड माझ्या नळाला येतं. धरणातून नदीत सोडतात, रावेतच्या बंधाऱ्याशी उचलतात, निगडीला शुद्ध करतात आणि चिंचवडला माझ्या बादलीत घालतात. ते अशुद्ध असताना बघायला माणशी चौदाशे रुपये?"

यावर उत्तर नव्हते. म्हणून मी बहुमत घेतले आणि पवना ठरवले. ज्या लोकशाहीने मला तेव्हा तारले तिनेच पुढे मला 'लेक टच' केले, ही गोष्ट वेगळी.

जागा ठरवणे म्हणजे काय, हे ज्याने पवनाकाठच्या जाहिराती वाचल्या नाहीत त्याला कळणार नाही. तेथे तीन जाती आहेत: लेक व्ह्यू, लेक फेसिंग आणि लेक टच. व्ह्यू म्हणजे पाणी दिसते, फेसिंग म्हणजे तंबूचे तोंड पाण्याकडे असते, आणि टच म्हणजे या वर्णव्यवस्थेतले सर्वोच्च स्थान, ज्याला माणशी तीनशे रुपये जास्त पडतात. चार निरनिराळ्या जागांच्या जाहिरातींत मात्र छायाचित्र एकच होते. तेच निळे पाणी, पाण्यात उलटा पडलेला तोच तुंग किल्ला आणि तंबूपुढे हातात कप घेऊन बसलेली पिवळ्या स्वेटरमधली तीच मुलगी. तिने एका संध्याकाळी चार ठिकाणी चहा घेतला असावा.

म्हणून मी गॅलरीत उभा राहून त्यांतल्या एका जागेला फोन लावला. "लेकचे ताजे फोटो पाठवा, हे मागच्या वर्षीचे दिसतात. लांबून काढलेले नकोत. प्रत्यक्ष बघायला आल्यावर आमची निराशा व्हायला नको." हे माझे बोलणे आत भाजी निवडत बसलेल्या मामींनी ऐकले. त्यांचा थोरला मुलगा तेहतिसाव्या वर्षी अविवाहित असल्याने त्यांचे कान या बाबतीत तयारच असतात. मी फोन ठेवून आत आलो तेव्हा त्यांनी ओल्या हातांनी मला पाटावर बसवले आणि हलक्या आवाजात विचारले, "कुणाची लेक? शिकलेली आहे ना?" धरण आहे, असे मी सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी विसरू शकत नाही. त्या दिवसापासून मला त्या घरात चहा निम्माच मिळतो.

फोनवरचा माणूस मात्र ठाम होता. "शंभर टक्के टच, सर."

"टच म्हणजे नेमकं किती अंतर?"

"टच म्हणजे टच, सर. मध्ये दुसऱ्या कुणाची प्रॉपर्टी नाही."

हे वाक्य मी त्या वेळी नीट ऐकायला हवे होते. मी निम्मी रक्कम आगाऊ भरली.

शनिवारी चार वाजता आम्ही पोहोचलो. तंबू होते, झाडांना दिव्यांच्या माळा होत्या, एका फळीवर 'हॅपीनेस' असे रंगवलेले होते. पाणी नव्हते. म्हणजे होते, पण ज्या अर्थाने चंद्र असतो त्या अर्थाने. आमच्या तंबूपासून एक भेगाळलेली, मातकट उतरण सुरू होत होती. तिच्यावर म्हशी चरत होत्या, पलीकडे कुणीतरी क्रिकेट खेळत होते, आणि त्या क्रिकेटच्याही पलीकडे, सीमारेषेबाहेर, एक निळसर पट्टी चकाकत होती.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मामांनी पाहिले नाही. ते खाली वाकून चपलेचे बंद घट्ट करत होते.

"माझं पाऊल अडीच फुटांचं आहे," ते कोणालाच उद्देशून म्हणाले. "नोकरीत पक्कं केलेलं." आणि त्यांनी तंबूच्या खुंटीला टाच लावून चालायला सुरुवात केली. ते मोठ्याने मोजत होते. सुरुवातीला आमची मुले सोबत ओरडत होती. शंभरानंतर क्रिकेट खेळणारी पोरेही खेळ थांबवून मोजू लागली. दोनशेच्या सुमारास एका म्हशीने वाट अडवली तेव्हा मामांनी जागच्या जागी उभे राहून आकडा धरून ठेवला, म्हैस हलल्यावर पुढचे पाऊल टाकले आणि मोजणीत खंड पडू दिला नाही. या शिस्तीचे मला आजही कौतुक आहे, पण त्या क्षणी ते म्हशीच्या बाजूने नव्हते याचेच मला वाईट वाटले. शेवटी दूरवर त्यांनी एक हात वर केला आणि त्यांचा आवाज पाण्यावरून आला: "चारशे बारा!"

परत येऊन त्यांनी व्यवस्थापकाला बोलावले. तो पंचविशीतला, गळ्यात शिटी अडकवलेला, वागायला फार अदबशीर तरुण होता.

"चारशे बारा गुणिले अडीच, एक हजार तीस फूट," मामा म्हणाले. "याला स्पर्श म्हणतात का?"

"काका, तुम्ही नोव्हेंबरात या. पाणी इथे खुंटीला लागतं. मागच्या वर्षी तर एका पार्टीची चप्पल वाहून गेली."

"पूर्ण संचय पातळीला लागतं. साडेआठ टीएमसी भरल्यावर. आता मे आहे. मेमध्ये धरण रिकामं होतं, कारण ते पाणी मी पितो."

"मग काका, पाणी तुम्हीच प्यायलात की."

मला वाटले, येथे मामा संपले. पण शाखा अभियंता असा संपत नाही. "ते राहू द्या. फोनवर तुम्ही यांना सांगितलंत की मध्ये दुसऱ्या कुणाची प्रॉपर्टी नाही. ही मधली एक हजार तीस फूट जमीन कुणाची?"

"कुणाचीच नाही."

"हे बुडीत क्षेत्र आहे. संपादित जमीन. शासनाची. पाणी उतरलं की खातं गाळपेरीला, म्हणजे गाळात पीक घ्यायला, देतं. म्हणजे मध्ये शासन आहे."

"शासन म्हणजे आपणच की, काका."

मामा क्षणभर गप्प झाले. सदतीस वर्षांच्या नोकरीत शासन म्हणजे आपणच, असे त्यांना कोणी म्हटले नसावे. मग त्यांनी दुसरी बाजू धरली. टचचे माणशी तीनशे रुपये, माणसे नऊ, एकूण दोन हजार सातशे. एक हजार तीस फुटांनी भागले तर फुटाला दोन रुपये बासष्ट पैसे. तेवढे दर फुटामागे परत करा. तरुण म्हणाला, व्ह्यू तर आहे ना. मामा म्हणाले, व्ह्यू मला चिंचवडच्या गच्चीवरूनही ढगांचा मिळतो. तरुण म्हणाला, फेसिंग तरी आहे. मामांनी खिशातून होकायंत्र काढले. एका बाजूला तुंग, ज्याला कठीणगड म्हणतात. दुसऱ्या बाजूला तिकोना, ज्याचे जुने नाव वितंडगड. आणि दोहोंच्या मध्ये ही चर्चा पाऊण तास चालली. गडांची नावे ठेवणाऱ्यांना दूरदृष्टी होती.

अखेर तडजोड झाली. पैसे परत नाहीत, पण पनीरची एक जादा काडी. ती मामांनी खाल्ली.

जागा निवडणाऱ्याच्या वाट्याला ही सगळी थट्टा आली त्याबद्दल माझी तक्रार नाही, असे मी दोन दिवस सर्वांना सांगत होतो. तक्रार आहे. माझ्या तक्त्यात स्वच्छतागृहांचा रकाना होता आणि त्यात 'पाच' असे लिहिले होते. प्रत्यक्षात दोन होती, साठ-पासष्ट माणसांना, आणि त्यांतल्या एकाची कडी आतून धरून बसावी लागत होती. गाण्यांच्या रकान्यात 'रात्री दहा' असे होते, आणि खुद्द नियमही तेच सांगतो, पण शेजारच्या जागेवरचा ध्वनिक्षेपक दीड वाजता थांबला, तोही वीज गेल्यामुळे. धरण सार्वजनिक पैशाचे, पाणी सार्वजनिक, पण आम्ही पाहिले तेवढ्या काठावर कोणालाही फुकट बसता येईल असा एक बाक नव्हता, एक धड पायवाट नव्हती, आणि खोल पाण्याबद्दल इशारा देणारी जी एकच पाटी मला दिसली तिच्यावर कोणीतरी तंबूंचे दर चिकटवले होते. दरवर्षी पोहायला उतरलेली मुले या पाण्यात बुडतात. या गोष्टीसाठी रकाना पाडायचे मला बारा दिवसांत सुचले नव्हते.

रात्री जेवण वाढायला एक मुलगा होता, सोळा-सतरा वर्षांचा. मामांनी सवयीप्रमाणे त्याला गाव विचारले. त्याने भाकरी वाढता वाढता काळोखाकडे हात केला. "त्या तिकडं. आज्जाचं घर होतं. पाणी लई उतरलं की वाघेश्वराचं देऊळ वर येतं ना, त्याच्या अंगाला." आणि मग, दिवसभर तोच शब्द ऐकून कंटाळल्यासारखा, म्हणाला, "आमचं जुनं गाव पण फुल लेक टच आहे, काका. आतून."

कोणी हसले नाही. मामा ताटात पाहत राहिले. २०११ च्या ९ ऑगस्टला, हेच पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले होते, बऊरजवळ पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघे मेले. मामा तेव्हा निवृत्त होऊन घरीच होते आणि त्यांच्या बादलीत पाणी येत होते. ते त्यांनी मला परतीच्या वाटेवर, कामशेतजवळ गाडी अडकली असताना, मी न विचारता सांगितले. मग काच खाली केली, वर केली आणि म्हणाले, "पोहे मात्र बरे होते."

इथवर मी त्यांना जवळजवळ माफ केले होते. पण घरी पोहोचताच कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर त्यांनी वृत्तांत टाकला. त्यात म्हशी होत्या, एक हजार तीस फूट होते, पनीरची काडी नव्हती, आणि मी 'आमचे लेक टच जावई' असा होतो. सव्वीस जणांनी हसण्याच्या खुणा टाकल्या. त्यांत माझी बायकोही होती. मामींनी हसण्याची खूण टाकली नाही. त्यांनी 'लेक' या शब्दाखाली नुसता एक प्रश्न टाकला: "अजून काही कळलं का?"

मी त्या रात्री बसून एक उत्तर लिहिले. पाण्याच्या पातळीचा महिनावार आलेख शोधून, मेमध्ये कोणत्याही जलाशयाकाठी हेच घडले असते असे त्यात सिद्ध केले होते. मग लक्षात आले की मामांनी तक्ता पाहताना सुरुवातीलाच नेमके हेच सांगितले होते. मी ते पुसून टाकले.

त्या मंगळवारी चिंचवडला पाणी येण्याची पाळी होती. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. मामांनी छायाचित्र पाठवले होते: मोरीत ठेवलेली निळी बादली, काठोकाठ भरलेली, आणि पाण्यात उलटा पडलेला नळ. खाली लिहिले होते, "शून्य पावले."